अरबी समुद्राचे वरचे पन्नास मीटर : हवामान अंदाजासाठी सागरी मॉडेल कसं सुधारावं

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीचं पाणी बडोद्याच्या वस्त्यांत शिरलं. ते आणणारं डीप डिप्रेशन (चक्रीवादळाच्या आधीच्या पायरीवरचं कमी दाबाचं क्षेत्र) जमिनीवरून गुजरात ओलांडत कच्छपर्यंत गेलं आणि तिथून समुद्रात उतरून ३० ऑगस्टला त्याचं ‘असना’ चक्रीवादळ झालं. ऑगस्ट महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळ होण्याची याआधीची घटना १९७६ सालची. जमिनीवरून आलेली अशी प्रणाली समुद्रावर गेल्यावर विरेल की जोर धरेल, हे बरंचसं तिच्याखालच्या पाण्यावर ठरतं : पृष्ठ किती गरम आहे, ती ऊब किती खोलवर आहे आणि वारा सुटल्यावर खालचं थंड पाणी किती लवकर वर येतं. समुद्राचं तापमान सुरुवातीला जे होतं तेच पुढचे दहा दिवस धरून चालणाऱ्या मॉडेलला यातलं काहीच कळत नाही.

समुद्राच्या वरच्या अवघ्या अडीच मीटर पाण्यात जितकी उष्णता मावते, तितकीच त्याच्यावरच्या संपूर्ण वातावरणात मावते. हवामानाच्या अंदाजात समुद्राला जागा का हवी, याला एवढं एक कारण पुरेसं आहे. युरोपीय हवामान केंद्राने जून २०१८ पासून आपले सगळे अंदाज सागरी मॉडेलशी जोडले. आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं मान्सून मिशनचं मॉडेल आणि नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राचं मॉडेल, दोन्ही समुद्राशी जोडलेली आहेत. समुद्राचे स्वतंत्र अंदाज हैदराबादचं इन्कॉइस हे सागरी माहिती केंद्र देतं.

हा लेख महाराजा सयाजीराव विद्यापीठात किंवा आसपास भौतिकशास्त्र, गणित, अभियांत्रिकी शिकणाऱ्या आणि या कामात उतरू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. हाताशी एक बरा लॅपटॉप आणि पुढे-मागे विभागाचं एखादं वर्कस्टेशन एवढं गृहीत धरलं आहे. माझं ठाम मत आधीच सांगतो. नवखा माणूस पहिल्याच दिवशी ग्रिड, म्हणजे मॉडेल समुद्राला ज्या चौकोनांत विभागतं ती जाळी, बारीक करायला धावतो. आपल्या समुद्रासाठी हा क्रम उलटा आहे. वरच्या पन्नास मीटरमधला उष्णतेचा हिशेब आणि पाण्याची ढवळण आधी नीट करा, ग्रिडकडे नंतर वळा.

चूक कोणती, ते आधी ठरवा

‘मॉडेल सुधारायचं आहे’ या वाक्यावर काम सुरू होत नाही. कोणत्या महिन्यातली, कोणत्या भागातली, किती खोलीवरची चूक, हे एका ओळीत लिहिता आलं पाहिजे. मी सुचवेन तो विषय असा : अनेक संयुक्त (हवा आणि समुद्र एकत्र जोडलेल्या) मॉडेलांमध्ये उत्तर अरबी समुद्र मान्सूनच्या आधी प्रत्यक्षापेक्षा थंड निघतो. थंड पाण्यावरून कमी बाष्प उठतं, म्हणून भारतावरचा पाऊसही मॉडेलमध्ये कमी पडतो. ही चूक प्रसिद्ध आहे, मोजता येते आणि गुजरातच्या अगदी दाराशी आहे.

प्रशांत महासागरातला एल निनो बरोबर पकडला की आपलं काम झालं, असं मानू नका. १९९७ साली एल निनो अतिशय तीव्र होता, तरी देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. त्या वर्षी हिंदी महासागरात पश्चिमेकडे गरम आणि पूर्वेकडे थंड अशी ठळक स्थिती होती. २००२ चा एल निनो त्याहून कितीतरी मवाळ होता, पण पाऊस ८१ टक्क्यांवर थांबला. आपल्या समुद्राची स्थिती मॉडेलमध्ये चुकली, तर प्रशांतचा अचूक अंदाजही अपुरा पडतो.

चूक ठरली की तिची मोजपट्टी ठरवा. सरासरी कल (मॉडेल सतत एकाच बाजूला किती चुकतं) आणि वर्गमूळ-माध्य-वर्ग त्रुटी (एकूण किती चुकतं) हे दोन आकडे वेगवेगळे काढा. एक सतत थंड असलेलं मॉडेल आणि एक कधी गरम कधी थंड असणारं मॉडेल, दोघांची एकूण त्रुटी सारखी येऊ शकते, पण त्यांचे इलाज अगदी वेगळे असतात. नुसत्या पृष्ठावर थांबू नका. २६ अंश सेल्सिअसची रेषा किती मीटरवर आहे आणि २० अंशांची किती, हेही तपासा. चक्रीवादळाला लागणारी ऊब पहिल्या रेषेच्या वर साठलेली असते.

मग आपला अंदाज दोन साध्या प्रतिस्पर्ध्यांसमोर उभा करा. पहिला : आजचं तापमान उद्याही तसंच राहील. दुसरा : उद्याचं तापमान त्या तारखेच्या अनेक वर्षांच्या सरासरीइतकं असेल. समुद्र सावकाश बदलतो, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत पहिल्या प्रतिस्पर्ध्याला हरवणं खरंच अवघड असतं. ज्या प्रबंधात ही तुलना नाही, त्यातल्या सुधारणेच्या दाव्यावर मी विश्वास ठेवत नाही.

निरीक्षणं फुकट मिळतात. आर्गो या आंतरराष्ट्रीय मोहिमेचे सुमारे चार हजार तरंगते, म्हणजे पाण्यात वरखाली होणारी स्वयंचलित मोजणी-यंत्रं, जगभर फिरत आहेत. प्रत्येक जण १००० मीटरवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत खाली जातो आणि वर येताना तापमान व क्षारता मोजतो. पृष्ठाच्या तापमानाची ओआयएसएसटी मालिका सप्टेंबर १९८१ पासून रोजची आहे. उपग्रहांची माहिती अहमदाबादच्या इस्रो केंद्राच्या मॉसडॅक संकेतस्थळावर नोंदणी करून घेता येते. इथे एक सावधगिरी हवी. अवरक्त उपग्रहाला ढगांपलीकडचं दिसत नाही आणि जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावर ढग हटत नाहीत. त्या महिन्यांतल्या नकाशात बरीचशी जागा गणिताने भरलेली असते. पावसाळ्यासाठी सूक्ष्मलहरी उपग्रहांची मालिका आणि बोयांचे आकडे सोबत ठेवा.

एका स्तंभापासून सुरुवात

संपूर्ण समुद्राचं मॉडेल चालवण्याआधी एकाच जागचा पाण्याचा उभा स्तंभ चालवा. जीओटीएम नावाचं मोफत मॉडेल यासाठीच आहे. त्याला वरून ऊन, वारा, पाऊस द्यायचा आणि पाणी थराथराने कसं तापतं, निवतं, ढवळतं ते पाहायचं. वर्षभराचा स्तंभ लॅपटॉपवर चहा होईतो संपतो. एवढ्या स्वस्तात एवढं शिकवणारं दुसरं साधन या क्षेत्रात नाही.

जागा कोणती निवडावी? ऑक्टोबर १९९४ ते ऑक्टोबर १९९५ या काळात अमेरिकेच्या वुड्स होल संस्थेने अरबी समुद्राच्या मध्यावर, १५.५ उत्तर आणि ६१.५ पूर्व इथे, एक बोया नांगरून ठेवला होता. वरची हवा आणि खालचं पाणी दोन्ही एकाच जागी, वर्षभर मोजलं गेलं. त्या वर्षाने एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. अरबी समुद्र वर्षातून दोनदा निवतो, पण दोन्ही वेळची कारणं वेगळी असतात. हिवाळ्यात पृष्ठावरून उष्णता निघून जाते, वरचं पाणी जड होऊन खाली बसतं आणि थर खोल होतो. नैऋत्य मान्सूनमध्ये मात्र एकूण हिशेबात समुद्राला उष्णता मिळतच असते, तरी वाऱ्याच्या ढवळण्याने आणि खालून येणाऱ्या थंड पाण्याने पृष्ठ निवतं. तुमचा स्तंभ हिवाळा बरोबर दाखवत असेल आणि जुलै चुकत असेल, तर ऊन-बाष्पीभवनाचा हिशेब ठीक आहे, ढवळण तपासा. ढवळण बदलूनही जुलै जमत नसेल, तर आडव्या दिशेने वाहून येणारं पाणी कमी पडतंय. ते स्तंभात येऊच शकत नाही.

आता हा हिशेब एकदा कागदावर स्वतः करा. एका चौरस मीटरखालचा २५ मीटर जाडीचा मिश्र थर (वाऱ्याने ढवळून एकसारखा झालेला वरचा थर) एक अंशाने तापवायला सुमारे दहा कोटी ज्यूल लागतात. फोर्सिंगमध्ये, म्हणजे मॉडेलला वरून दिलेल्या ऊन-वाऱ्यात, ५० वॅट प्रति चौरस मीटर एवढी चूक असेल, तर तीस दिवसांत तेरा कोटी ज्यूलची तूट पडते, म्हणजे सव्वा अंशाची चूक. थर ५० मीटरचा असेल तर चूक निम्मी. एप्रिल-मे मध्ये अरबी समुद्राचा वरचा थर पातळ असतो, म्हणूनच त्या दोन महिन्यांत लहानशी चूकही भराभर वाढते. हे गणित डोक्यात पक्कं बसलं की कुठल्याही मॉडेलचा नकाशा पाहून अंदाज बांधता येतो.

वरून येणारं ऊन आणि वारा

सागरी मॉडेलच्या नावावर खपणाऱ्या बऱ्याच चुका मुळात वातावरणातून आलेल्या असतात. वाऱ्याचा समुद्रावरचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो आणि ढवळण्याची शक्ती जवळजवळ घनाने. वारा दहा टक्के कमी दिला, तर जोर एकोणीस टक्के आणि ढवळण सत्तावीस टक्के कमी पडते. अशा वेळी ढवळणीची सूत्रं बदलत बसलात, तर एका चुकीवर दुसरी चूक चढवून आकडा जुळवल्यासारखं होईल. वारा बदलला की तो जुळलेला आकडाही कोसळतो.

म्हणून आधी ईआरए५ या पुनर्विश्लेषणाचे (जुनी निरीक्षणं मॉडेलमध्ये मिसळून बनवलेल्या हवेच्या नोंदींचे) तासागणिक आकडे घ्या आणि ते बोयाच्या मोजणीशी ताडून पाहा. वारा, ऊन, दमटपणा, तिन्ही. बाष्पीभवन आणि उष्णतेची देवाणघेवाण कोअर (COARE) या सूत्रांच्या पद्धतीने मॉडेललाच काढू द्या, तयार आकडे वरून लादू नका. वाऱ्याचा वेग प्रवाहाच्या सापेक्ष धरा. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ पावसाळ्यात पाणीच सेकंदाला दोन मीटरच्या आसपास वाहतं, तिथे हा फरक ठळक दिसतो. दिवसाच्या सरासरीने ऊन देऊ नका. दुपारचं ऊन आणि रात्रीची निवण वेगळी मिळाली, तरच वरचा मीटरभर थर दुपारी तापतो आणि रात्री मिसळतो. तेही दिसायला मॉडेलचा सगळ्यात वरचा थर एक मीटर किंवा त्याहून पातळ हवा. तो दहा मीटरचा ठेवलात, तर तासागणिक ऊन देऊन काहीच हाती लागत नाही. हे बारकावे पाळलेल्या संयुक्त मॉडेलांत मान्सूनच्या पावसाचे जोर आणि खंड अधिक बरे उतरतात.

आणखी एक पळवाट टाळा. पृष्ठाचं तापमान निरीक्षणाकडे जबरदस्तीने ओढून धरण्याची सोय बहुतेक मॉडेलांत असते. ती चालू ठेवली की नकाशे सुंदर दिसतात आणि चूक कुठे आहे ते कधीच कळत नाही. सुधारणेच्या कामात ती बंद ठेवा.

क्षारता आणि पाण्याचा गढूळपणा

या दोन गोष्टींकडे फार थोडे लोक वेळेवर वळतात. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर पसरतं. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त असल्याने पाणी खारट असतं. हिवाळ्यात उपसागरातलं हलकं पाणी श्रीलंकेला वळसा घालून लक्षद्वीपच्या बाजूला येतं आणि खाऱ्या पाण्यावर पसरतं. मग वरचा थर फक्त क्षारतेमुळे पातळ राहतो, खालचं थंड पाणी वर येऊ शकत नाही आणि मान्सूनआधी तिथे गरम पाण्याचा डोह तयार होतो. ज्या मॉडेलमध्ये नद्यांचं पाणी दरवर्षी सरासरीइतकंच सोडलं जातं आणि थरांमधली उभी मिसळण फार जास्त आहे, त्यात हा डोह फिकट पडतो. नदीच्या प्रवाहाची त्या-त्या वर्षाची मालिका वापरा. तिच्याशिवाय केलेली क्षारतेची तक्रार व्यर्थ आहे.

सूर्यप्रकाश किती खोल जातो, हे पाण्यातल्या हरितद्रव्यावर ठरतं. अरबी समुद्रात पावसाळ्यात आणि हिवाळ्यात वनस्पती-प्लवकांची भरभराट होते. तेव्हा ऊन वरच्या थरातच अडतं. वर्षभर एकाच प्रकारचं स्वच्छ पाणी धरलं, तर ऊन खाली मुरतं आणि पृष्ठ विनाकारण थंड राहतं. उपग्रहाच्या महिनावार हरितद्रव्याचे आकडे द्या. हा बदल करायला एक दुपार पुरते आणि त्याचा परिणाम लगेच दिसतो.

आता ग्रिड

प्रादेशिक मॉडेलसाठी रॉम्स किंवा त्याच घराण्यातलं क्रोको घ्या. सीमांवरचं पाणी ग्लोरिस१२ या पुनर्विश्लेषणातून येईल. ते १९९३ पासून आहे आणि त्याचं ग्रिड एक-बारांश अंशाचं. समुद्रतळाची खोली गेब्को या जागतिक नकाशातून घ्या. तुमचंही ग्रिड सुमारे नऊ किलोमीटरचं ठेवा. ते निम्मं केलं की चौपट ठिपके आणि काळाची दुप्पट पावलं, म्हणजे आठपट वेळ. चार हजार मीटर खोल पाण्यात पृष्ठलहर सेकंदाला सुमारे २०० मीटर धावते, त्यामुळे नऊ किलोमीटरच्या ग्रिडवर जलद पाऊल ४५ सेकंदांच्या आतच ठेवावं लागतं. मॉडेल आतल्या सावकाश हालचालींसाठी वेगळं, मोठं पाऊल वापरतं. दोन्ही पावलं नीट निवडली नाहीत, तर ते पहिल्याच दिवशी फुटतं.

या मॉडेलांतल्या तळाला चिकटून चालणाऱ्या थरांमध्ये तीव्र उतारावर दाबाचं गणित खोटे प्रवाह निर्माण करतं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उथळ पाणी एकदम खोल होतं, तिथे हे हमखास होतं. याची चाचणी सोपी आहे. वारा बंद, ऊन बंद, तापमान फक्त खोलीनुसार बदलणारं, एका खोलीवर सगळीकडे सारखं, आणि मॉडेल महिनाभर चालवा. समुद्र स्तब्ध राहायला हवा. जो काही प्रवाह दिसेल तो सगळा खोटा. तो सेकंदाला काही सेंटिमीटरपर्यंत गेला, तर तळ गुळगुळीत करा. ही चाचणी झाल्याशिवाय पुढचं काहीही करू नका.

खंभातच्या आखाताचं काय करायचं, हे बडोद्यातला विद्यार्थी हमखास विचारतो आणि त्याने विचारावंच. कावी-कंबोईचं स्तंभेश्वराचं देऊळ भरतीला पाण्यात जातं आणि ओहोटीला उघडं पडतं, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेलं आहे. आखात आत निमुळतं होत जातं, म्हणून भरतीचा चढउतार भावनगरकडे दहा मीटरच्या घरात पोचतो. किनारा दिवसातून दोनदा ओला-कोरडा होतो. हे नऊ किलोमीटरच्या ग्रिडवर येणं शक्य नाही. अरबी समुद्राच्या मॉडेलमध्ये आखाताचा आतला भाग सरळ जमीन म्हणून झाका. वादळी लाटांच्या उधाणाचा अभ्यास करायचा असेल, तर आखातासाठी शंभर-दोनशे मीटरचं, ओलं-कोरडं होऊ देणारं वेगळं मॉडेल करा आणि त्याला मोठ्या मॉडेलकडून सीमा द्या. दोन्ही कामं एकाच मॉडेलकडून करून घेण्याच्या हट्टात वर्षं जातात.

वादळाची परीक्षा

तौक्ते १७ मे २०२१ च्या रात्री दीव-उन्याजवळ आलं. बिपरजॉय ६ जून २०२३ ला तयार होऊन १५ जूनला जखाऊजवळ आदळलं. दोन्ही वादळांसाठी मॉडेल चालवा आणि वादळ गेल्यावर मागे राहिलेला थंड पट्टा पाहा. उत्तर गोलार्धात तो मार्गाच्या उजव्या हाताला जास्त गडद असायला हवा, कारण त्या बाजूला वाऱ्याची दिशा आणि पाण्याचं स्वतःभोवतीचं फिरणं एकमेकांना साथ देतात. वीस अंश अक्षांशावर पाण्याचा हा फेरा सुमारे ३५ तासांचा असतो, म्हणून दिवसाची सरासरी साठवू नका, तासागणिक साठवा. पट्टा दोन्ही बाजूंना सारखाच दिसला, तर वाऱ्याची माहिती विरळ आहे. पट्टा उमटलाच नाही, तर थराची सुरुवातीची खोली तपासा. बिपरजॉय बराच काळ समुद्रावर सावकाश सरकत होतं. सावकाश वादळाखाली पाणी जास्त निवतं, त्यामुळे ही परीक्षा कडक आहे.

निरीक्षणं मॉडेलमध्ये मिसळणं

हे मिसळणं, म्हणजे असिमिलेशन, हा स्वतंत्र विषय आहे, पण तीन जागा सांगतो. आर्गोची मूळ रचना तीन अंशांच्या चौकोनामागे एक तरंगता अशी आहे, म्हणजे साधारण तीनशे किलोमीटरला एक, तोही दहा दिवसांनी. एका मोजणीचा प्रभाव किती दूर पसरू द्यायचा, हे ठरवताना हा विरळपणा विसरू नका. दुसरं, तापमान सुधारलं आणि क्षारता तशीच ठेवली, तर घनता बिघडते आणि मॉडेल स्वतःहून पाणी उलथवायला लागतं. दोन्ही एकत्र हलवा. तिसरं, विषुववृत्ताजवळ दाब आणि प्रवाहाचा नेहमीचा तोल लागू पडत नाही. तिथे केलेली सुधारणा खोटे उभे प्रवाह उठवते आणि काही दिवसांत पुसली जाते.

तपासणीसाठी काही तरंगते बाजूला काढून ठेवा, ते मॉडेलला कधीच दाखवू नका. ज्या निरीक्षणाने मॉडेल घडवलं त्याच निरीक्षणाशी त्याची तुलना करून समाधान मानणं अप्रामाणिक आहे.

रोजच्या अंदाजापर्यंत

स्वतंत्रपणे छान चालणारा समुद्र वातावरणाशी जोडला की पहिल्या काही दिवसांत हिसका बसतो. ज्या वाऱ्यावर तो तयार झाला, तो वारा आता उरलेला नसतो. यासाठी जुन्या वर्षांचे अंदाज पुन्हा चालवून पाहायचे असतात. प्रत्येक वर्षी, अनेक सुरुवातीच्या तारखांपासून. किती दिवस पुढचा अंदाज आहे त्यानुसार चुकीचा कल वेगळा काढायचा आणि मग वजा करायचा. इथे संख्येचा मोह टाळा. चाळीस वर्षांचे अंदाज म्हणजे फक्त चाळीस मान्सून. पावसाशी सहसंबंध ०.४५ वरून ०.५० झाला, तर तो आनंद निराधार आहे, कारण चाळीस नमुन्यांत अशा आकड्याची त्रुटीच सुमारे ०.१२ असते. पृष्ठाचं तापमान, थराची खोली, बाष्पीभवन या कारणांच्या साखळीतला प्रत्येक दुवा सुधारला असेल, तरच पावसातली सुधारणा खरी माना.

रोजच्या कामात घड्याळही असतं. संशोधनात पुनर्विश्लेषणाचा वारा मिळतो, अंदाजाच्या खोलीत मात्र फक्त त्या सकाळपर्यंत पोचलेली निरीक्षणं. म्हणून सुधारणा सुपूर्द करण्याआधी निदान एका हंगामासाठी तीच माहिती वापरून चालवा जी त्या तारखेला खरोखर उपलब्ध होती. सोबत एक नोंदवही द्या : कोणता एक बदल केला, त्याआधीचा आणि नंतरचा आकडा, वाढलेला संगणकाचा वेळ, आणि कोणत्या भागात मॉडेल आधीपेक्षा बिघडलं. ही शेवटची ओळ रिकामी असेल, तर पुरेशा जागा तपासलेल्या नाहीत असं समजून पुन्हा बसा. सोमालियाचा किनारा, लक्षद्वीप, इराणच्या आखाताबाहेरचं दोन-तीनशे मीटर खोलीवरचं खारं पाणी, या तीन जागी बहुधा काहीतरी सापडतंच.